टर्की अख्खी तळायचीये, घर आणि नवरा दोन्ही शाबूत ठेवून. अनुभवी लोकांनी इकडे या

खडीसाखर (शनिवार, रात्री ८:५०)
मंडळी, येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि यंदा पंगत आमच्याकडे. न्यू जर्सीत असतो, उन्हाळ्यात टाउनहाऊस सोडून स्वतंत्र घरात आलो तेव्हापासून "आता अंगण आहे ना आपल्याला" हे नवऱ्याचं पालुपद चालूये. त्याच्या ऑफिसात एक लुइझियानाचा माणूस आहे, त्याने याच्या डोक्यात भरवलंय की ओव्हनमधली टर्की म्हणजे चोथा, खरी टर्की ती तेलात अख्खी तळलेली. चोथ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण सेलमध्ये ३० क्वार्टचं (साधारण २८ लिटरचं) पातेलं, प्रोपेनचा बर्नर, हुक, मसाला टोचायची सिरिंज असा सगळा संसार घरी येऊन पडलाय. टर्की १२ पौंडांची आहे, फ्रीझरमध्ये दगड होऊन बसलीये. सासूबाई-सासरे साताऱ्याहून आलेत, दोन छोटी पोरं आहेत, शिवाय मित्रमंडळी. यूट्यूबवर बघायला गेले तर रेसिपी कमी आणि आगीचे व्हिडिओच जास्त. तर तेल किती, ठेवायचं कुठे (नवरा म्हणतो डेकवर), वेळ किती, आणि मुळात करावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, उजेड पाडू नये.

ठेचाभाकर (रात्री ९:०२)
डेकवर?? लाकडी डेकवर??? ताई, नवऱ्याला आधी खुर्चीत बसवा आणि हुक लपवून ठेवा. बाकीचं सावकाश लिहितो, जेवतोय.

बायूवाला (रात्री ९:२५)
खडीसाखर ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आत्ता उठा आणि टर्की फ्रीझरमधून फ्रिजमध्ये टाका, खाली ट्रे ठेवून, सगळ्यात खालच्या कप्प्यात. फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडांना एक अख्खा दिवस लागतो, म्हणजे तुमची १२ पौंडी मंगळवारी रात्री सुटेल आणि बुधवार कोरडी करायला मिळेल. बरोब्बर वेळेत विचारलंत. बुधवारी विचारलं असतंत तर मी सरळ ओव्हन लावा म्हणालो असतो.

आम्ही लुइझियानात बॅटन रूजला असतो आणि इकडे हे खूळ नाही, नेहमीचंच आहे. क्रॉफिश (गोड्या पाण्यातली छोटी शेवंडं) उकडायचं मोठं पातेलं आणि प्रोपेनचा बर्नर इकडे घरोघरी असतोच, त्याच सरंजामात टर्की तळतात. हे मूळ केजन म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचं, बाकी अमेरिकेने नंतर उचललं, आणि उचलताना पातेलं उचललं पण सवय नाही उचलली, म्हणून ते व्हिडिओ.

आता ती आग लागते कशी ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. तेल असतं ३५० फॅरनहाइटला म्हणजे साधारण १७५ सेल्सियसच्या वर, पाणी उकळतं १०० ला. टर्कीच्या पोटात बर्फ किंवा पाणी राहिलं तर ते तेलापेक्षा जड म्हणून तेलाच्या आत खाली जातं आणि तिथेच त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या साधारण १७०० पट जागा मागते. एक वाटीभर पाणी पोटात असेल तर हिशोब करा. ती वाफ वरचं सगळं तेल ढकलत बाहेर येते, तेल काठावरून ओसंडतं, खाली बर्नर पेटलेला असतो. झालं. म्हणजे ओली टर्की किंवा काठोकाठ तेल, आणि खाली चालू बर्नर, एवढ्यावर आग लागते. तिन्ही तुमच्या हातातल्या आहेत.

शंकासुर (रात्री ९:४१)
बायूवालांचा प्रतिसाद वाचूनच वाखुसा (वाचनखूण साठवली). पुरी तळताना ओला हात लागला की कशी तडतड होते ती माहिती आहे, पण ते १७०० पट प्रकरण आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एक शंका, काठोकाठ तेल आहे की नाही हे आधी कळणार कसं? टर्की टाकल्यावर वाढणारच ना पातळी?

बायूवाला (रात्री ९:५८)
आर्किमिडीज. आधी पाण्याने मोजायचं. टर्की स्टँडवर बसवून रिकाम्या पातेल्यात ठेवा (प्लास्टिकच्या वेष्टनासकट ठेवली तरी चालते), नळाचं पाणी ओता, टर्की बुडून वर इंच-दोन इंच येईल एवढं. आता टर्की बाहेर काढा आणि पाणी जिथे उतरलं तिथे पातेल्याला आतून खूण करा, तेल तेवढंच घालायचं, एक थेंब जास्त नाही. आणि टर्की आत असताना पाण्यापासून काठापर्यंत चार-पाच बोटं तरी जागा उरली पाहिजे, उरत नसेल तर टर्की मोठी आहे किंवा पातेलं छोटं आहे, दोन्हीचा अर्थ एकच. १२ पौंडांना ३० क्वार्टच्या पातेल्यात साधारण तीन-साडेतीन गॅलन तेल लागतं, म्हणजे ११ ते १३ लिटर. मग पातेलं, स्टँड, हुक सगळं खडखडीत पुसा. लोक मोजमाप छान करतात आणि पातेल्याच्या तळाशी पाणी राहू देतात, तेल ओततात वरून. तापायला लागलं की खालून ठोठो आवाज यायला लागतो मग कळतं.

मोगऱ्याचा_गजरा (रात्री १०:१०)
तेल कोणतं पण? माझ्याकडे लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आहे भारतातून आणलेलं, इंडियन स्टोअरमध्येही मिळतं हल्ली. शेंगदाणा तेल म्हणतात ना सगळे.

ठेचाभाकर (रात्री १०:२२)
जेवण झालं. घाण्याचं नको हो! फोडणीला स्वर्ग आहे पण ते अनरिफाइंड, ३२० फॅरनहाइटच्या आसपासच धूर सोडायला लागतं, आणि आपल्याला तर ३५० ला पाऊण तास ठेवायचंय. रिफाइंड शेंगदाणा तेल ४५० पर्यंत टिकतं म्हणून इकडे तेच वापरतात, होलसेल क्लबात थँक्सगिव्हिंगच्या आधी मोठे कॅन येतात. आणि १३ लिटर घाण्याचं तेल टर्कीत घालणार असाल तर तुमचा पत्ता द्या, मी येऊन बाटल्या घेऊन जातो.

पाहुण्यांमध्ये कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी विचारा. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळपास नसतात, तरी घरी बोलावलेल्या माणसावर प्रयोग नको, कॅनोला वापरा सरळ.

अळणी_भोपळा (रात्री १०:४०)
मी शाकाहारी आहे, इथे फक्त मारामारी बघायला आलोय, पण इन्शुरन्समध्ये काम करतो म्हणून राहवत नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अमेरिकेत घरातल्या स्वयंपाकाच्या आगी वर्षात सगळ्यात जास्त लागतात. एनएफपीए म्हणजे राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना, ती तर स्पष्ट सांगते की तेलाचे हे घरगुती फ्रायर वापरूच नका. "काळजी घ्या" नाही, "वापरू नका". स्टार ट्रेकवाला विल्यम शॅटनर, तो स्वतः टर्की तळताना भाजला होता आणि २०११ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीबरोबर त्याने याच विषयावर व्हिडिओ केला. ज्यांचा धंदाच आगीचे पैसे भरण्याचा आहे ते उगाच नाही खर्च करत.

सासूबाई, सासरे, दोन पोरं, नवखा आचारी. ताई, मी तुमच्या जागी असतो तर नसतं केलं. तयार केजन टर्की विकत मिळते, पॉपाइज या तळलेल्या चिकनवाल्यांकडे आधीच शिजवलेली गोठवून मिळते, नुसती गरम करायची. नाहीतर बिनतेलाचे इन्फ्रारेड फ्रायर येतात, चारब्रॉइलचा बिग ईझी वगैरे, कातडी बऱ्यापैकी कुरकुरीत होते, तेल नाही तर ओसंडणार काय कपाळ?

बायूवाला (रात्री ११:०५)
भोपळा, तुमच्याशी भांडत नाही. ज्याला पाण्याने तेल मोजायचा कंटाळा आहे त्याने खरंच विकत आणावी. पण "नका करू" म्हणून लोक थांबत नाहीत हे पण दिसतंच आहे, सेट घरात येऊन पडलाय, मग निदान नीट सांगू. बिनतेलाची चांगली लागते, पण ती भाजलेली टर्की आहे, तळलेली नाही.

पुणेकर_पण_प्रेमळ (रविवार, सकाळी ७:१५)
इकडून पुण्यातून विचारतो, एवढा आटापिटा अख्खी तळण्यासाठीच का? तुकडे करा ना सरळ. आपण कोंबडी तळतो तर अख्खी टाकतो का?

ठेचाभाकर (सकाळी ७:४०)
पुणेकर प्रेमळपणे बोलले आणि बरोबर बोलले, आज तारीख लिहून ठेवा. खरंच सांगतो, मी अटलांटात आता असंच करतो. तंगड्या, मांड्या, छातीचे दोन भाग वेगळे करायचे, तेल निम्म्याहून कमी लागतं, पोटाची पोकळीच नाही म्हणजे पाणी लपायला जागा नाही, आणि छाती शिजली की ती आधी बाहेर काढता येते, मांड्यांना हवा तेवढा वेळ. अख्खीत काय होतं, मांडी शिजेपर्यंत छाती वाळते. फक्त टेबलावर अख्खी टर्की मिरवत आणून फोटो काढायचा असेल तर तो निघत नाही. तुमच्याकडे कुणाला फोटो हवाय त्यावर आहे.

खडीसाखर (सकाळी ८:३०)
टर्की काल रात्रीच फ्रिजमध्ये गेली, बायूवाला दादा थँक्यू. डेक रद्द झालाय, नवऱ्याने एका रात्रीत सगळा धागा वाचून काढला. तुकड्यांची आयडिया मला प्रचंड आवडली पण याला फोटो हवाय. सासऱ्यांनापण हवाय!! मग आता गॅरेजमध्ये करू का? गुरुवारी पावसाचं भाकीत आहे, दार उघडं ठेवू.

अळणी_भोपळा (सकाळी ८:३४)
🤦

बायूवाला (सकाळी ९:१०)
गॅरेज नाही, पोर्च नाही, कारपोर्ट नाही, छत म्हणून जे काही असेल त्याखाली नाही. उघड्यावर, सपाट जमिनीवर, काँक्रीटचा ड्राइव्हवे असेल तर मधोमध पण उतार बघा, घरापासून, झाडांपासून, गाड्यांपासून दहा फूट तरी, मी तर वीस ठेवतो. पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर तळायची नाही, वरून पाणी पडलं तरी तेलाला ते पाणीच. तिथे हट्ट नाही. ओव्हन तयार ठेवा, ३२५ ला बारा पौंडी न भरलेली टर्की तीन तासांच्या आसपास होते, दुपारी आकाश बघून ठरवा.

आणि पोरं दिसली नाही पाहिजेत तिकडे. खिडकीतून बघू दे. कुत्रा असेल तर तो पण.

झिपरी (सकाळी ९:३०)
आमच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत इलेक्ट्रिकवाला चालेल का?

अळणी_भोपळा (सकाळी ९:४४)
उघड्या ज्योतीवाली उपकरणं बाल्कनीत ठेवायला बहुतेक ठिकाणी फायर कोडचीच मनाई असते, त्यामुळे प्रोपेन तर विसराच. इलेक्ट्रिकचे घरात चालणारे फ्रायर येतात, त्यांना झाकण आणि थर्मोस्टॅट असतो, ते ओट्यावर ठेवून चालतात, पण आधी लीज वाचा. आणि टर्की किती पौंडांपर्यंत चालते ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच्या वर एक पौंड पण नाही.

मोगऱ्याचा_गजरा (दुपारी १२:१०)
मसाल्याचं बोला की आता कुणीतरी. आपल्या पद्धतीने आलं-लसूण वाटण लावून ठेवलं तर?

बायूवाला (दुपारी १२:४५)
बाहेरून वाटण लावाल तर ते तेलात सुटून जळेल, तेल काळं होईल, टर्की कडू. मसाला आत गेला पाहिजे, त्यासाठीच ती सिरिंज. बटर वितळवून त्यात लाल तिखट, मिरपूड, थोडा लसणाचा रस, लिंबू, गाळून घ्यायचं, कण राहिले की सुई बुजते आणि मग जोर लावला की बटर तोंडावर. छातीत तीन-चार ठिकाणी, मांडीत दोन ठिकाणी, एकाच भोकातून सुई तिरकी फिरवून टोचा म्हणजे कातडीला चाळण होत नाही. लुइझियानात तयार क्रिओल बटर मिळतं बाटलीत, पण गरम मसाल्याचं पाणी उकळून गाळून बटरमध्ये घातलं तर अप्रतिम लागतं, हा माझा शोध, केजन शेजाऱ्यांना आवडला, त्यांना सांगितलं नाही काय आहे ते.

बाहेरून फक्त मीठ, बुधवारी लावा आणि उघडीच ठेवा फ्रिजमध्ये, कातडी कागदासारखी कोरडी होते. वेष्टनावर बघा, मिठाचं द्रावण आधीच टोचलेलं असेल तर मीठ निम्म्यावर आणा. साखर, मध बाहेरून काही नको. पोटात भरणपण काही नाही, अजिबात नाही.

शंकासुर (दुपारी १:०५)
आणि आतल्या त्या पिशव्या?

बायूवाला (दुपारी १:३०)
बरी आठवण केलीत. मानेचा तुकडा आणि काळीज-पेटा वगैरेची पिशवी असते, एक पोटात, एक मानेकडच्या बाजूला, दोन्ही काढा. पाय अडकवलेली प्लास्टिकची कडी काढा, छातीत टोचलेला तो पॉपअप टायमर (शिजली की वर येणारी प्लास्टिकची खुंटी) काढा. मानेकडचं कातडं जरा कापून भोक मोकळं करा, म्हणजे तेल एका बाजूने आत आणि वाफ दुसऱ्या बाजूने बाहेर. नवखे लोक टर्की धुतात, धुवू नका. हात घालून बघा आत, बर्फाचा खडा लागतोय का, मग किचन टॉवेल कोंबून आतून पुसा, टॉवेल कोरडा बाहेर येईपर्यंत.

ठेचाभाकर (दुपारी २:२०)
आता प्रत्यक्ष गुरुवारचं मी सांगतो, दादांना चहा पिऊ दे. सिलिंडर आणि बर्नर यात नळी पुरेल तेवढं अंतर, दोन फूट तरी हवंच, आणि वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडे सिलिंडर नको. जोडण्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळतंय. तेल ३५० ला आणायला थंडीत पाऊण तास पण लागतो, घाई करून ज्योत मोठी करून आत चहाला जायचं नाही, पेटल्यापासून एक माणूस तिथेच. मोबाइल न बघणारा माणूस. थर्मामीटर आदल्या दिवशी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, २१२ दाखवतोय ना, कारण तो खोटा बोलला तर तुम्हाला धूर दिसेपर्यंत कळत नाही. धूर दिसला की गॅस बंद, चर्चा नाही.

३५० झालं की बर्नर बंद करा. परत लिहितो, टर्की आत सोडताना ज्योत बंद. तेल काय दोन मिनिटांत थंड होत नाही. मग दोन माणसं, हुकमध्ये आडवा दांडा घालून दोन्हीकडून धरायचं, म्हणजे दोघंही पातेल्यापासून हातभर लांब. टर्की पाय वर करून, इंच-इंच, फसफस जास्त झाली की थांबा, परत सोडा, मिनिट-दीड मिनिट लागू दे. पूर्ण बसली, फसफस खाली आली, मग पेटवा. आमच्या गल्लीत एकाने "गॅस बंद केला तर टर्की तेलकट होते" म्हणून चालू ठेवला होता, ओसंडलं ते ड्राइव्हवेवर पेटत पेटत मेलबॉक्सपर्यंत गेलं. माणसं वाचली, मेलबॉक्स नाही.

कपडे सुती, पूर्ण बाह्या, बंद बूट, कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे, चष्मा. चपला नाही, ओढणी नाही, आणि बियर टर्की बाहेर आल्यावर.

बायूवाला (दुपारी ३:००)
+१. एक भर घालतो. नव्या बर्नरना बरेचदा १५ मिनिटांचा टायमर असतो, त्याच्या आधी बटण दाबलं नाही तर गॅस आपोआप बंद होतो. लोकांना वाटतं सिलिंडर संपला, मग उकळत्या तेलाखाली तोंड घालून पेटवायला जातात. तुमच्या सेटला आहे का आजच बघा, रिकाम्या बर्नरवर एकदा पूर्ण चालवून बघा.

वेळ पौंडाला साडेतीन मिनिटं धरा, बारा पौंडांना ४० मिनिटांच्या आसपास, पण घड्याळावर विश्वास नको. परत ज्योत बंद, टर्की उचला, थोडी निथळू द्या, आणि मांडीच्या आतल्या जाड भागात, छातीत आणि पंखाच्या मुळाशी थर्मामीटर खुपसा, हाडाला न टेकवता. तिन्हीकडे १६५ पाहिजे. रंग तर दहा-पंधरा मिनिटांतच सोनेरी दिसायला लागतो, त्याला भुलू नका. झाली की वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग कापा.

झिपरी (दुपारी ३:२०)
आणि लागलीच आग तर? बादली भरून ठेवायची का शेजारी?

अळणी_भोपळा (दुपारी ३:२६)
नाही नाही नाही!! तेलाच्या आगीवर पाणी म्हणजे वर बायूवालांनी सांगितलेलं १७०० पट प्रकरण, फक्त पेटलेल्या तेलासकट. एबीसी पावडरचं अग्निशामक पाच-सहा फुटांवर ठेवा, पातेल्याला चिकटून नाही, पेटलं तर तिथपर्यंत हात जाणार नाही. पातेल्याचं झाकण पण हाताशी ठेवा. जमत असेल तर सिलिंडरचा कॉक बंद, झाकण सरकवत टाका, पातेलं हलवायचा प्रयत्न करू नका. नाही जमत तर मागे सरा आणि ९११. टर्की गेली तर गेली.

खडीसाखर (रात्री ९:१५)
सगळं प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. सासऱ्यांनी अग्निशामकाची ड्युटी स्वतःहून घेतलीये, एसटीत होते, म्हणतात आम्हाला ट्रेनिंग झालंय. पाण्याने मोजून बघितलं वेष्टनासकट, काठाला पाच बोटं उरतायत. एकच राहिलं, नंतर त्या १३ लिटर तेलाचं काय करू? सासूबाई विचारतायत चकल्या तळता येतील का, दिवाळीच्या संपल्या म्हणून 😄

ठेचाभाकर (रात्री ९:४०)
सासूबाईंना साष्टांग. चकलीला टर्कीचा वास लागेल, पण मासे, चिकन पकोडे बिनधास्त.

बायूवाला (रात्री १०:०५)
त्या रात्री तेलाला हातच लावू नका, एवढं तेल थंड व्हायला कित्येक तास लागतात, वर झाकण, शेजारी कुणी नाही, शुक्रवारी सकाळी बघा. मग सुती फडक्यातून गाळून मूळच्या कॅनमध्ये परत भरा, ओतायला फनेल घ्या. फ्रिजमध्ये जागा असेल तर ठेवा आणि महिनाभरात वापरा, फेस यायला लागला किंवा खवट वास आला की टाकून द्या. सिंकमध्ये किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका, तुमच्या काउंटीच्या साइटवर वापरलेलं तेल कुठे घेतात ते बघा, थँक्सगिव्हिंगनंतर बऱ्याच ठिकाणी घेतात.

सांगाडा फेकू नका, पांढरा रस्सा करा.

मोगऱ्याचा_गजरा (रात्री १०:२०)
टर्कीचा पांढरा रस्सा?? वेगळा धागा काढा हो दादा, इथे हरवेल.